भिवराबाईंच्या नावाने

रंगनाथराव माझे पणजोबा, त्यांचे पुत्र सिताराम माझे आजोबा, आणि त्यांचे पुत्र माणिकराव माझे वडील. या तिन्ही पुरुषांच्या हयातीत आमच्या घरातून कोणी कोणाकडे स्वतः निरोप घेऊन गेले नाही. निरोप आमच्याकडे येत. आणणारा माणूस पायातले काढून पायरीखाली उभा राही आणि घरच्याने वर पाहिल्याखेरीज बोलत नसे. रंगनाथरावांच्या वेळी निजामी होती; तालुक्याचा हुकूम घेऊन आलेला शिपाईदेखील त्यांचा विडा संपेपर्यंत थांबे. सितारामांना ऐकलेल्या निरोपाला त्याच दिवशी उत्तर देणे कमीपणाचे वाटे. माणिकरावांविषयी पुढे सांगेन. मी त्या घराची लेक, चतुराबाई. हे आरंभीच सांगून ठेवते, कारण मंगळवारी मी जे केले ते या तिघांपैकी एकालाही रुचले नसते.

मंगळवारी सकाळी माझी सून राजेश्री शाळेत शिकवायला निघण्यापूर्वी माझा फोन घेऊन बसली. फोन मंदावला होता; बोट लावल्यावर तो विचार केल्यासारखा थांबे आणि मग उघडे. राजेश्रीने काहीतरी दाबले, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "आत्याबाई, यात तीन हजारांच्या वर मेसेज पडलेत. एकही पुसला नाही तुम्ही?" मी म्हणाले, "मला पुसता येत नाही." हे खरे नव्हते. मला पुसता येते. नातवंडांनी पाठवलेले फुलांचे आणि सुप्रभातीचे फोटो मी रोज दुपारी नेमाने पुसते. राजेश्री बोटाने वर सरकवीत मोठ्याने वाचू लागली. "प्रिय भिवराबाई, आपणास पाच लाखांचे कर्ज मंजूर. प्रिय भिवराबाई, संक्रांतीनिमित्त साड्यांवर खास सवलत. भिवराबाई, परभणी शहरात स्वप्नातला प्लॉट. भिवराबाई, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." मग ती थांबली, हसू आवरावे की नाही हे न कळून माझ्याकडे पाहू लागली. "अगं बाई, हे सगळे गंगाखेडच्या काकूंचेच की! तुमच्या नावाचा यात एकही नाही?"

चहा माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला नाही, कारण बशी वाजली असती. एकही नाही. हे मला ठाऊक होते. तीन हजार संदेशांपैकी प्रत्येकाचे तोंड मी पाहिलेले होते. परंतु आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट सुनेच्या तोंडून, स्वयंपाकघराच्या उजेडात, कुकरच्या शिट्टीच्या आधी ऐकणे हे वेगळेच असते. "तुझ्या नवऱ्याच्या नावावर कार्ड आहे," मी म्हणाले, "माझे नाव कोणाला कळणार?" "तेच तर म्हणते," राजेश्री म्हणाली, "तुमचं नाव नाही, आणि काकूंचं मात्र साऱ्या परभणीच्या दुकानांत! संध्याकाळी आले की बंदोबस्त करते. अनोळखी नंबर वाजणारच नाही असं करून देते. भिवराकाकू गेल्याच म्हणून समजा तुमच्या फोनातून." तिला वाटले मला आनंद होईल. दिवसाला सात-आठ फोन येतात, मी जेवताना येतात, जपाला बसले की येतात, आणि मी प्रत्येकाला अशा शब्दांत वाटेला लावते की पलीकडची मुले घाबरून मराठीतून हिंदीत जातात. तरीही "गेल्याच म्हणून समजा" हे ऐकताच मी फोन परत घ्यायला रिकामा हात पुढे केला.

भिवराबाई माझी धाकटी जाऊ. जिंतूरच्या वाटेवरच्या आमच्या गावी आम्ही दोघी एका चुलीवर एकतीस वर्षे राहिलो. वाटण्या झाल्यावर मी मुलाकडे परभणीला आले आणि ती तिच्या मुलाकडे, गोपाळकडे, गंगाखेडला गेली. तो तिथे साखर कारखान्यात आहे. एकत्र होतो तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता. घरचा नंबर म्हणजे थोरलीचा नंबर, हीच रीत होती. तिला अक्षरओळख बेताची, म्हणून मीच तो नंबर तिच्याकडून दळताना पाठ करून घेतला. दहा आकडे तिने ओवीच्या चालीवर बसवले आणि ते तिच्या जिभेवर कायमचे राहिले. तेव्हापासून दुकानदाराने नंबर विचारला की ती डोळे मिटून माझा नंबर म्हणते. साडीच्या दुकानात म्हणते, औषधाच्या दुकानात म्हणते, पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळात अभिषेकाची पावती फाडतानाही म्हणते. पुढे गोपाळने तिला स्वतःचा फोन घेऊन दिला. पण त्याचा नंबर तिला येत नाही. ती माझाच म्हणते.

म्हणून गेली आठ वर्षे मी तिचे आयुष्य वाचते आहे. कोणाला हे सांगितलेले नाही. तिने दिवाळीला कोणत्या दुकानातून साडी घेतली हे मला गोपाळच्या आधी कळते. तिचे गुडघे दुखू लागले ते मला तेलाच्या जाहिरातीवरून कळले. तिने जोडवी मोडून नवी केली, तेव्हा सराफाने तिला "आमच्या परिवारातील सन्माननीय सदस्य" असे लिहिले. तो संदेश मी चार वेळा वाचला आणि दुपारची झोप घालवली. माझ्याकडे याच सराफाकडचे तीन पिढ्यांचे सोने आहे. त्याने मला कधी सन्माननीय म्हटले नाही. ज्या दिवशी तिचा वाढदिवस नाही त्या दिवशी तिला शुभेच्छा येतात, कारण कोणत्यातरी अर्जावर तिने एक जानेवारी सांगितली आहे. आणि माझा वाढदिवस, जो पंचांगात तिथीनिशी लिहिलेला आहे, तो माझा मुलगा शिवशंकर दोन दिवसांनी आठवून जिलबी आणतो. हे यंत्रांचे लिहिणे असते, माणसांचे नव्हे, हे मला समजते. यंत्राला "प्रिय" म्हणायला काही पडत नाही. तरीपण ते "प्रिय" तिलाच म्हणते. दळण ओढणाऱ्या, पायरीवर बसून जेवणाऱ्या, पोखर्णीच्या बाजूच्या तीन एकरवाल्या ग्यानबाच्या लेकीला. मला तिच्या साड्यांचा मत्सर वाटत नाही. तिला कोणीतरी हाक मारते याचा वाटतो. हे वाक्य मी आज लिहीत आहे. मंगळवारी सकाळी मी ते स्वतःशीही बोलले नव्हते.

हाक मारण्याची गोष्ट निघाली की मला गावच्या घरातला काळा फोन आठवतो. पंच्याऐंशी साली सासऱ्यांनी तो बसवला, पंचक्रोशीत पहिला. त्याला लाकडी पेटी होती, पेटीला कुलूप होते आणि किल्ली माझ्या कमरेला होती. घरात आलेला प्रत्येक निरोप माझ्या कानातून जात असे. फोन बसला त्या दिवशी मी किती आनंदले होते हे कोणाला सांगण्यासारखे नव्हते. मला वाटले होते, आता वडिलांचा आवाज येईल. आमच्या माहेरी दोन वर्षे आधीच फोन आलेला होता. मी दर गुरुवारी ते यंत्र ओल्या फडक्याने पुसत असे, आकड्यांच्या भोकांमधली धूळ काडीने काढत असे. माणिकरावांनी एकदाही फोन केला नाही. लेकीच्या घरचे पाणी बापाने पिऊ नये, ही रीत त्यांनी फोनलाही लावली. लेकीच्या दारात आपला आवाज जाणे त्यांना उणेपणाचे वाटे. पुढे ते वारले ते मला तिसऱ्या दिवशी आलेल्या गड्याकडून समजले, आणि त्या गड्यानेही पायरीखाली उभे राहून, मी वर पाहिल्यावरच सांगितले. रीत म्हणून मी ते चोख मानले. पण रात्री पुष्कळदा, आजही, अंथरुणावर पडल्यावर मी त्यांच्या आवाजात एक शब्द बोलून पाहते. "ये." तो त्यांच्या आवाजात बसत नाही. त्यांनी तो मला कधी म्हटलेला नाही, तर तो माझ्या कानात असणार कुठून?

दुपारी दीड वाजता फोन वाजला. "भिवराबाई बोलताय का?" मुलीचा आवाज, घाईचा. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "कर्ज नको, प्लॉट नको, विमा नको. तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला दुसऱ्याच्या घरात जेवणाच्या वेळी शिरायला शिकवले का?" आणि बंद केला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा मी काही बोलण्याआधीच ती मुलगी एका श्वासात बोलू लागली. "आज्जी, ठेवू नका, मी डोळ्याच्या दवाखान्यातून बोलते, परभणीहून, मला काही विकायचं नाही. तुमचे रिपोर्ट आलेत. डाव्या डोळ्यातलं प्रेशर लय वाढलंय, काचबिंदू आहे, पुढच्या महिन्यापर्यंत थांबता येणार नाही. सरांनी ऑपरेशन उद्याच घ्यायला सांगितलंय. सकाळी आठला यायचं, उपाशीपोटी. याल ना? डोळा जाईल आज्जी, नाही आलात तर."

मी म्हणाले, "कोणाचा नंबर लावला आहे तुम्ही?"

"फॉर्मवर हाच आहे. भिवराबाई, गाव गंगाखेड. नात्याच्या रकान्यात..." कागद उलटल्याचा आवाज आला. "नात्याच्या रकान्यात 'थोरल्या बाई' लिहिलंय. म्हणजे तुम्ही पेशंट नाही का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग निरोप पोचवाल ना?"

मी फोन ठेवला. हो म्हणाले की नाही ते आठवत नाही. बाहेर भंगारवाल्याची आरोळी चालली होती आणि गॅसवर दूध तापत होते. माझ्या मनात प्रथम काय आले ते जसेच्या तसे सांगते, कारण आता लपवून काही साधणार नाही. प्रथम आले ते हे, की तिच्या डोळ्याची किती जणांना काळजी! एका अनोळखी मुलीने तीन वेळा बोलणी खाऊन फोन केला, तिच्यासाठी. दुसरे आले ते असे, की हे फक्त मला ठाऊक आहे. आणि ते ठाऊक असण्यात जुन्या किल्लीचा भार होता, कमरेला जाणवणारा, सुखाचा. तिसरे आले ते अगदी शांत, व्यवस्थित, घरकामासारखे आले: सायंकाळी सांगू. राजेश्री आली की गोपाळला फोन लावेल. सायंकाळी सांगू. दूध उतू गेले. मी गॅस बंद केला आणि जळलेल्या दुधाच्या वासात उभी राहिले, कारण 'सायंकाळी सांगू' हे मी यापूर्वी एकदा ठरवले होते, अगदी याच शब्दांत.

ती येळवस होती. अठ्ठ्याऐंशीच्या पौषाच्या तोंडची अमावस्या. सारे घर शेतात जेवायला गेले होते, कडब्याच्या खोपीपाशी, भज्जी आणि उंडे आणि आंबिलीचे बिंदगे घेऊन. मी मागे राहिले होते. नैवेद्याचे एक ताट मागाहून न्यायचे होते. साडेअकराला पेटीतला फोन वाजला. "हॅलो? कोन? थोरल्या बाई का? म्या ग्यानबा बोलतो, पोखर्णीहून. भिवरीचा बाप." तो ओरडून बोलत होता, जसे शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधाला बोलतात. त्याने निरोप सांगितला. तीन वाक्ये होती. मी "बरे" म्हणाले, पेटीला कुलूप लावले, ताट डोक्यावर घेतले आणि शेताकडे निघाले. वाटेत मी निरोप मनात घोळवत होते, देण्यासाठीच. एकची बस होती, तीनची होती, शेवटची पाचची. खोपीपाशी पोहोचले तेव्हा पंगत बसली होती आणि माझे सासरे, जे कधी कोणाची वाहवा करत नसत, ते भज्जीची वाटी पुन्हा पुढे करून म्हणत होते, "भिवरीच्या हाताला चव हाय." दिनकररावांनी, माझ्या यजमानांनी, मान डोलावली. ती पदर तोंडावर घेऊन हसली. मी डोक्यावरचे ताट उतरवले. ते कोणी पुढे होऊन घेतले नाही. तेव्हा मला वाटले, हिला हेही आहे आणि तेही. बापाचा आवाजही हिचाच, आणि ही पंगतही हिचीच. थोडा वेळ एक तरी गोष्ट माझ्यापाशी राहू दे. सायंकाळी सांगू.

दिवेलागणीला मी तिला म्हणाले, "तुझ्या वडिलांना बरे नाही म्हणे. फोन होता." ती चुलीपाशी होती. तिने विचारले, "आत्ताच आलता का?" मी म्हणाले, "आत्ताच." तो एक शब्द. ती पहाटेच्या गाडीने गेली आणि बाप तिला दिसला तो अंगणात, डोळे मिटलेला. परत आल्यावर ती मला म्हणाली, "नशीबच वंगाळ, बाई. फोन उशिरा आला." छत्तीस वर्षे ती नशिबाला बोल लावते आहे, आणि छत्तीस वर्षे माझ्याकडे तीन वाक्ये पडून आहेत, एका अक्षराचाही फरक न पडता. ती मी कोणाला दिली नाहीत. विसरतही नाही. माझ्या तीन हजार संदेशांच्या आधीचा तो संदेश. तोही तिच्याच नावाचा.

मी गोपाळला फोन लावला. गाळपाचा हंगाम, तो कारखान्याच्या आत. फोन लागला नाही. भिवरेचा फोन बंद होता. तो बंद असणारच होता. दिवाळीत ती म्हणाली होती, लय फोन येतेत बाई, काय करू. आणि मीच हुकूम सोडला होता, बंद करून डब्यात ठेव. शिवशंकर वसुलीच्या दौऱ्यावर सेलूकडे गेलेला होता. राजेश्रीला यायला साडेपाच वाजणार. मी हिरवट इरकली नेसले, दार ओढले, शेजारणीकडे किल्ली दिली आणि रिक्षाने स्टँडवर गेले. गेल्या अकरा वर्षांत मी एकटी एसटीत चढले नव्हते. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, पंचाहत्तरच्या वर असताल तर फुकट हाय. कार्ड दावा." मी म्हणाले, "चौऱ्याहत्तर. आणि बाईमाणसाचे वय चारचौघांत काढायचे नसते." मागच्या बाकावरचा एक शेळीवाला हसला आणि सरकून खिडकीची जागा देत म्हणाला, "बसा आईसाहेब, तिकीट काढताना सगळेच म्हातारे होतेत."

बस निघाली. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागून ती रांगत चालली होती आणि रस्त्यावर सांडलेल्या कांड्यांचा गोड, आंबट वास खिडकीतून आत येत होता. माझ्या मांडीवरच्या पिशवीत फोन वाजला. "भिवराबाई बोलताय का? आपल्यासाठी क्रेडिट कार्डाची एक छान योजना—" मी न रागावता बंद केला. मला त्या क्षणी त्या मुलाचाही हेवा वाटला. त्याला काही न देता-घेता तिचे नाव घेता येते. पोखर्णीचा फाटा आला. देवळाची कमान दिसली, तिच्या अलीकडे चहाची टपरी, आणि तिच्या बाजूला कुठेतरी ते फोनचे पोस्ट असणार, ज्याच्या खिडकीशी येळवशीला ग्यानबा छाती धरून उभा होता. किती चालला असेल? त्याच्या वस्तीवरून तीन कोस. त्या काळी फोन लागायला एक्स्चेंजातून तास जाई. तासभर उभा राहून तो तीन वाक्ये बोलला, आणि ती माझ्याशी बोलावी लागली. दोघे उतरले, एक कोंबड्यांची पाटी चढली. बस हलली तेव्हा फोन पुन्हा वाजला. तोच मुलगा, तेच "भिवराबाई बोलताय का?" मी म्हणाले, "ती गंगाखेडला असते. काही निरोप असेल तर सांगा, मी पोहोचवते." तो गोंधळला. मग म्हणाला, "नाही, तसा निरोप नाही काही," आणि त्यानेच फोन ठेवला. शेळीवाला म्हणाला, "कुनाचा होता?" मी म्हणाले, "कोणाचाच नाही."

गोपाळचे घर गोदावरीच्या अंगाला, कारखान्याच्या लोकांच्या वस्तीत आहे. पावणेपाच झाले होते. अंगणापलीकडे ओट्यावरच्या बाजेवर भिवरा हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. ती घाट्यांकडे पाहत नव्हती. बोटेच पाहत होती. उन्हाकडे तोंड करून तिने मान तिरपी केली, पाखरू करते तशी, उजव्या डोळ्यात मला धरण्यासाठी. तिला दिसत नाही हे मला कोणत्याही संदेशातून कळले नव्हते.

"कोन हाय?"

"मी आहे."

घाट्यांचे सूप कलंडले. "थोरल्या बाई? तुमी? येष्टीनं? एकट्या?" आणि मग आवाज एकदम खाली आणून, "कोन गेलं?"

"कोणी गेले नाही. निरोप आणला आहे."

"तुमी आनलाय?" ती हसू लागली. तिला दातांचे भान राहत नाही हसताना. "कलियुग आलं म्हनायचं. माणिकरावाची लेक निरोप घेऊन आली. बसा की वर, उन्हात काय हुबं ऱ्हायल्या?"

मी वर चढले नाही. उद्या आठला दवाखाना, उपाशीपोटी, डावा डोळा, थांबायचे नाही, असे सारे मी सांगितले. माझ्या आवाजात हुकूम होता. मला दुसरा आवाज नाही. "पावणेसहाची बस आहे. मुक्काम माझ्याकडे. गोपाळला चिठ्ठी ठेवू. ऊठ." ती बराच वेळ घाट्याचे साल बोटांत चोळत राहिली. घाबरली होती, पण दाखवत नव्हती. मग म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. दवाखान्यातली पोरगी म्हनली, नंबर कुनाचा देऊ? गोपाळ म्हनला माझा दे. म्या म्हनलं, न्हाई रे बाबा, तू मशिनीपाशी असतूस. थोरल्या बाईचा लिव्ह. त्या रागं भरत्याल, पर निरोप ठिवून घ्यायच्या न्हाईत. सबंद हयात त्यांनी घरातला निरोप ठिवला न्हाई."

कारखान्याचा भोंगा झाला. मी तेव्हा खाली पाहिले आणि मला दिसले की मी चपला काढल्या आहेत. पायरीखाली, अंगणाच्या मातीत, अनवाणी उभी आहे आणि ती वर बसली आहे. कधी काढल्या मला कळले नाही.

"भिवरे," मी म्हणाले, "एक ठेवला आहे."

"आँ?"

"येळवशीचा. तुझ्या वडिलांचा फोन दिवेलागणीला आला नव्हता. साडेअकराला आला होता."

तिची बोटे थांबली. मान पुन्हा तिरपी झाली आणि तो एक डोळा माझ्यावर येऊन राहिला. शेजारच्या घरात कोणीतरी भाकरी थापत होते. ते थापटणे मला मोजता आले असते. शेवटी ती म्हणाली, "बस कवाची व्हती?"

"एकची होती. तीनची होती. पाचची होती."

"आन् तुमी पंगतीत वाढायल्या व्हता."

"हो."

"का वो बाई?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला उत्तर देता आले असते. चढलेल्या आवाजांना उत्तरे देण्यात माझा जन्म गेला. "म्या तुमचं काय घेतलं व्हतं?"

काय सांगणार होते मी? सासऱ्यांची भज्जी, कोणी पुढे होऊन न घेतलेले ताट, गुरुवारचे ओले फडके, गड्याच्या तोंडून आलेले बापाचे मरण. सारे घशाशी आले आणि त्यातून फार थोडे बाहेर पडले. "मला तसा फोन कधी आला नव्हता," मी म्हणाले.

"एवढंच?"

"एवढेच."

तिने पदराने डोळे पुसले, आधी उजवा, मग तो न दिसणारा. मला वाटले आता ती आत जाईल आणि दार लावेल, आणि उद्याचा डोळा माझ्यावरच्या रागापायी जाईल. हेच माझे प्राक्तन, मी दिलेला निरोपही फुकट जायचा. पण ती म्हणाली, "काय म्हनला त्यो? पुरं सांगा. तुमच्या भाषेत नगं. त्यो म्हनला तसंच."

मी आयुष्यात तसे बोलले नव्हते. माहेरी गड्यांची बोली तोंडात आली तर आजी ओठांवर टिचकी मारी. परंतु ती वाक्ये त्याच बोलीत माझ्याकडे होती, आणि दुसऱ्या बोलीत ती तिची झाली नसती. मी हात जोडून नव्हे, पण एकावर एक ठेवून उभी राहिले, आणि बोलले.

"भिवरीला म्हनावं, आज येळवस हाय, तुज्या हातची आंबील प्यावी वाटायलीय."

ती ऐकत होती.

"म्हनावं, छातीत लय दुखायलंय, आज आलीस तर भेट व्हईल, ये."

तो शब्द माझ्या तोंडून गेला आणि तिच्यापाशी पोहोचला. मी तो जाताना पाहिला. छत्तीस वर्षे मी तो चोरून माझ्या बापाच्या आवाजात बसवून पाहत होते. तो बसत नव्हता, कारण तो दुसरीचा होता. आता तो माझ्याकडे उरला नाही. अजूनही हेवा वाटला, हे खोटे कशाला बोलू? अखेरचा आणि सर्वांत मोठा.

"अजून हाय?" तिने विचारले.

"एक आहे." हे तिसरे वाक्य माझ्याविषयी होते, आणि म्हणून ते मी स्वतःलाही पुन्हा ऐकवत नसे. उन्हे बाजेवरून उतरली होती.

"म्हनावं, दर बाजाराला म्या फोनपाशी येतो, तुजा आवाज ऐकावा वाटतो, पर थोरल्या बाईला तरास नगं म्हनून माघारी जातो."

भिवरेने सूप बाजूला सारले. बाजेची कड चाचपत ती उठली, दोन पायऱ्या उतरली आणि मातीत माझ्यासमोर, माझ्या पायांइतक्याच खाली, येऊन उभी राहिली.

"पोचला, बाई," ती म्हणाली. "आता समदा पोचला. चपला घाला, गाडी चुकंल."